न्हाणीचा दगड
मोसंबी सोलली की सालीच्या तिखट वासासरशी मला चौसाळ्याच्या आमच्या अंगणातल्या झाडाचे ते जुने दिवस आठवतात. सहकारी सोसायटीनं वाटलेल्या रोपांपैकी दुष्काळात तेवढंच एक उरलं होतं. टँकरचं पाणी वाया जाऊ नये म्हणून घरातले सगळे त्याच्या बुंध्याशी ठेवलेल्या दगडावर बसूनच अंघोळ करायचो, बायका लुगड्याचा आडोसा करून. तरी पानं पिवळी पडत चालली, आणि ती जितकी पिवळी पडत तितकं आई आपल्या वाट्याचं पाणीही बुडात ओतायची. फौजेतला मामा सुट्टीवर आला, त्यानं बुंध्याची माती उकरली, तर आंबूस, कुजका वास आला. "अक्का, झाड तहानलेलं न्हाई, बुरशीनं मुळ्या कुजल्यात," तो म्हणाला. "दुष्काळात झाडाचं पाणी कसं तोडू रे?" आईचे डोळे भरले. मामा तिच्याशेजारी बसला. "आमच्या चौकीवर खडकाच्या भेगेत एक निळं फूल येतं. बर्फाचं पाणी त्याला मिळतं पण थांबत न्हाई, म्हणून ते जगतं. ही बुरशी त्याच्या उलट, साचल्या पाण्यावर पोसती. पाणी दे, पण लांबून दे." मग त्यानं कुजकी साल खरवडून बुरशी मारणारा मोरचूद-चुना लावला, सावलीच्या कडेनं आळं काढलं आणि दगड पार उन्हात ओढून नेला. पुढं झाडाला पालवी आली, मग फळंही. आता घरात न्हाणीघर आहे. पण अंगणात मधोमध अडचण करणारा तो दगड कुणी हलवायला निघालं, की मी झाडाची एक मोसंबी तोडते आणि सोलत त्याच्यावर जाऊन बसते.