डब्यावरचा खडू

एखाद्या माणसाला चोर म्हणण्याआधी तुम्ही त्याच्या दारात जाता का, आणि त्याच्या तोंडाकडे बघून त्याला एक प्रश्न तरी विचारता का? मी विचारला नव्हता. ज्याला विचारायचा राहिला तो आता नाही, म्हणून तो प्रश्न आज तुम्हाला विचारतो आहे.

दीड महिन्यापूर्वी सांगलीच्या छापखान्यात मी एका पत्रकाची प्रुफं तपासत उभा होतो. खिळे जुळवणारे अण्णा मान वर न करता म्हणाले, "पेठ नाक्याचा मिस्त्री गेला की ओ. मिरजेला, दवाखान्यात. तुमचाच न्हवं का त्यो... पत्रकातला?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षं हातात पाना धरलेला, त्यातली निम्मी फौजेच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, आणि सातारा-सांगलीच्या रस्त्यावर त्याची ओळख उरली ती एवढीच. पत्रकातला मिस्त्री. ती ओळख मी दिलेली होती, याच छापखान्यात, याच अण्णांच्या हातून जुळवलेल्या खिळ्यांनी.

त्यांना सगळे नाना म्हणत. पुणे-बंगलोर रस्त्यावरून सांगलीकडे जिथे फाटा फुटतो त्या पेठ नाक्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो पेट्रोलच्या टंचाईचा काळ होता. भाव एकदम चढले होते, पंपावर रांगा होत्या, आणि माझी गाडी पेट्रोल पीत होती. गाडी तरी माझी कशाची... आमचे मामा विट्याचे, दूर परप्रांतात गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवायचे. त्यांनी मोटार घेतली तेव्हा जुनी मोटारसायकल भाच्याकडे पाठवून दिली. धनिकांविरुद्ध पत्रकं लिहायची आणि ती वाटायला सोन्याच्या दुकानातून आलेल्या गाडीवरून जायचं, हे मला टोचायचं. पण कराडहून सांगलीला पत्रकांचे गठ्ठे एसटीतून नेणं त्याहून जास्त टोचायचं. संघटनेतले मित्र विचारायचे, "इतरांच्या गाड्या लिटरला पस्तीस-चाळीस जातात, तुझीच कशी पंचवीसला आटपते?" म्हणून शेवटी गाडी नानांकडे टाकली. ते म्हणाले, "आज ठिवून जावा. उद्या बगू काय म्हंती ती."

मी त्याच दुपारी इस्लामपूरहून परतताना एसटीतून नाक्यावर उतरलो. शेडच्या मागच्या बाजूला नाना उकिडवे बसले होते आणि माझ्या गाडीच्या टाकीची नळी एका डब्यात सोडलेली होती. पेट्रोल धारेनं पडत होतं. भिंतीलगत आणखी दोन डबे, भरलेले. मी हाक मारली नाही. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची एक खोड असते, तो बघतो आणि लिहायला घेतो. मधली विचारण्याची पायरी त्याला वेळखाऊ वाटते. काळ्या बाजारात पेट्रोल कुठून येतं, याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर डब्यात पडत होतं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला गेलो तर नाना म्हणाले, "गाडीत खोट न्हाई. माज्या हाताखाली बराबर देती. तुमी पाय तेवढा ब्रेकावरनं काडा." मला वाटलं, चोर तो चोर आणि वर मलाच शहाणपण शिकवतो. सांगलीकडे निघालो तर आष्ट्याच्या अलीकडेच टाकी कोरडी पडली. मग काय, पुरावाच मिळाला. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. 'टाकीतला चोर' हे नाव. नानांचं नाव घातलं नव्हतं, "पेठ नाक्यावरील एक मिस्त्री" एवढंच लिहिलं, आणि नाव न घालण्यात आपण केवढा संयम दाखवला असंही वाटलं. नाक्यावर मिस्त्री एकच होता. पाचशे प्रती निघाल्या. कराड, इस्लामपूर, आष्टा, सांगली, सगळ्या एसटी स्टँडांवर आणि चहाच्या हॉटेलांत मी स्वतः खळ लावून त्या चिकटवल्या. एक नानांच्या शेडच्या दारावरही चिकटवली, ते जेवायला गेले असताना.

नानांचं गिऱ्हाईक म्हणजे शाळामास्तर, साखर कारखान्याचे, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे स्लिपबॉय, दूध गोळा करणारे. महिन्याभरात ते कासेगावच्या आणि इस्लामपूरच्या मिस्त्र्यांकडे जायला लागले. हे मला कळत होतं. आपल्या लेखणीत दम आहे, असा मी त्याचा अर्थ लावत होतो.

उन्हाळ्यात, भर दुपारी, माझी गाडी नाक्याच्या थोडी अलीकडे बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. ढकलत आणली. दुसरं दुकान उघडं नव्हतं, शेड उघडी होती. दारावर माझं पत्रक तसंच होतं, उन्हानं पिवळं पडलेलं. नाना बाहेर आले. मला ओळखलं, पत्रकाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. म्हणाले, "या लेखकराव. सावलीत घ्या गाडी."

पाण्याचा तांब्या दिला. मी पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून शेडच्या मागे नेलं. तिथे भिंतीला एक डबा होता. त्यावर खडूनं एका गाडीचा नंबर लिहिलेला होता. ठळक, फौजी अक्षरात. "तवा तीन हुते," नाना म्हणाले. "एकावर तुमचा नंबर हुता. ज्याचं त्येच्या टाकीत परत जायाला नगं व्हय?"

मी ते डबे पाहिले होते. त्यांच्यावर पांढरं काहीतरी आहे हेही पाहिलं होतं. लहानपणापासून हाताला लागेल तो कागद वाचत आलेला मी, तीन डबे पाहिले आणि त्यांच्यावरचं वाचलं नाही.

मग नानांनी खिळ्यावरची बाटली काढली. दवाखान्यात सलाईन लावतात तसली काचेची, मिरजेहून कुणाकडून तरी मिळवलेली. अर्ध्या लिटरच्या खुणेवर औषधाची चिकटपट्टी लावलेली. त्यांची रीत अशी : टाकी पार रिकामी करायची, नळीत उरलेलं जाळून टाकायचं, मग या बाटलीनं मोजून ऑइल मिसळलेलं अर्धा लिटर पेट्रोल घालायचं आणि गाडी आपण होऊन थांबेपर्यंत चालवायची. सरळ एका दिशेनं जायचं नाही, इस्लामपूरला जाऊन तिथून उलटं वळायचं, कारण जाताना पाठीला लागलेला वारा येताना तोंडावर आला पाहिजे. "न्हाईतर वाऱ्याचं पुण्य गाडीच्या नावावर जातंय," ते म्हणाले. डब्यातलं पेट्रोल परत टाकीत घालताना ते मऊ कातड्यातून गाळून घालत. कातड्यावर उसाच्या पाचटाची राख, गंज, कधी पाण्याचे थेंब उरत. तेही गिऱ्हाइकाला दाखवत. पहिल्या वेळी मी दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आलो तेव्हा त्यांनी मलाही दाखवायला कातडं पुढे केलं होतं. मी बघितलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा मी पुढे, नाना मागे. इस्लामपूरहून परतताना नाका दिसायला लागला आणि गाडी थांबली. नाना उतरले, मागच्या चाकाजवळ वाकले. "हात लावा हितं." ब्रेकच्या ड्रमला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. "तुमी गाडी चालवता का थांबवता, पावणं? घोड्याला टाच बी मारायची आन् लगाम बी वडायचा. त्यो दाणा खाणार न्हाई तर काय करंल?" दुसऱ्यांदा नाना पुढे आणि मी मागे. वजन तेच, रस्ता तोच, बाटली तीच. त्यांनी आधी चाकांत हवा भरली, साखळीचा ताण बघितला, माझा अर्धवट उघडा राहिलेला चोक बंद केला. पंचेचाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही. पुढे बैलगाडी दिसली की लांबूनच मूठ सोडायची, ब्रेक मारायची वेळच येऊ द्यायची नाही. "बिरेक मारला म्हंजे आदी जाळलेलं पेट्रोल पान्यात गेलं." नाका मागे पडला, कराडच्या रस्त्यावर किलोमीटरचे आणखी पाच दगड गेले, तेव्हा गाडी थांबली. आम्ही दोघं उसाच्या कडेला उभे होतो. आष्ट्याच्या अलीकडे संपलेलं पेट्रोल माझ्याच पायानं जाळलं होतं; माझ्या पत्रकाचा पुरावा त्या पाच दगडांमध्ये पसरलेला होता.

मी म्हणालो, "नाना, चुकलं माझं. पुढच्या पत्रकात खुलासा छापतो."

"छापा की," ते म्हणाले. "घाई न्हाई."

ढकलत परत आलो. शेडशी आल्यावर मी दारावरचं पत्रक नखानं काढायला लागलो, तर त्यांची बायको, आक्का, आतून म्हणाली, "म्या कवाच भिजवून काडणार हुते. ह्येनीच काडू दिलं न्हाई. म्हंत्यात, वाचनारानं आत येऊन बगावं." मी हात मागे घेतला. त्या दिवसापासून नाना टाकी रिकामी करायचं काम मागे न करता रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या देखत करायला लागले. बघणारे बघत आणि पुढे जात.

यापुढचं लिहायला मला दीड महिना लागला. खुलासा मी छापला नाही. मित्र म्हणाले, एकदा माघार घेतली की उद्या प्रत्येक सावकार खुलासा मागेल. मला ते पटलं नव्हतं, पण सोयीचं होतं. मी स्वतःला सांगत राहिलो की पुढच्या खेपेला, जरा मोकळी जागा मिळाली की... त्यानंतर माझी सात पत्रकं निघाली. त्यातलं एक 'पेट्रोल वाचवा, परावलंबन टाळा' या नावाचं होतं. त्यात काय होतं? चाकात हवा ठेवा, पाय ब्रेकवरून काढा, क्लच अर्धा दाबून चालवू नका, हवेची जाळी राखेनं बुजू देऊ नका, हॉटेलासमोर गाडी चालू ठेवून गप्पा मारू नका. नानांचा शब्दन् शब्द. नाव मात्र माझं. ते पत्रक लोकांना फार आवडलं. सातारच्या एका सभेत वाचून दाखवलं गेलं, टाळ्या मिळाल्या, आणि मी त्या घेतल्या. ज्याला चोर म्हणालो त्याचं मीच चोरलं, आणि मला कुणी पत्रक काढून विचारलं नाही.

तेही पत्रक नानांपर्यंत गेलं होतं. एकदा नाक्यावर गाठ पडली तेव्हा म्हणाले, "बरं लिवलंय. हवंचं तेवढं चुकलंय. हवा सकाळच्या पारी बगायची, चाक गार असताना. तापल्यावर ती जास्तच दावती." मी मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मी थोडं थांबलो असतो तर कदाचित विचारलं असतं... मी थांबलो नाही. गाडीला किक मारली. पाय ब्रेकवर नव्हता. तेवढं मात्र मी शिकलो होतो.

छापखान्यातून मी सरळ नाक्यावर गेलो नाही, हेही सांगून टाकतो. दहा दिवसांनी गेलो. आक्का दारातच बसली होती. तिनं मिरजेची हकिगत सांगितली. नानांना सलाईन लावलं होतं. ते वर टांगलेल्या बाटलीकडं टक लावून बघायचे. नर्सबाईला म्हणायचे, "बाई, थेंब लय पडतोय, सुई जरा बसवून घ्या, फुकट चाललंय." सांगताना आक्का हसली, आणि पदर तोंडावर घेतला. मग म्हणाली, "इस्लामपूरच्या बाजारादिवशी एसटीतनं उतरंल त्येला इचारायचे, लेखकरावांचा नवा कागद आलाय का. आला म्हंजे माझ्याकडनं वाचून घ्यायचे, चष्मा फुटल्यापास्नं. सगळा. शेवटापतूर. मंग म्हनायचे, न्हाई, ह्यात न्हाई."

सातही पत्रकं त्यांनी ऐकली होती.

शेडमध्ये खिळ्यावर ती बाटली तशीच होती. चिकटपट्टी काळपट झालेली, तळाशी ऑइलचा पिवळा डाग. मी आक्काला म्हणालो, ही मला द्याल का, नानांची आठवण म्हणून. ती म्हणाली, "बाटली कशाला? ती हितंच ऱ्हाऊ दे. तुमी कागद देनार हुता, त्यो द्या."

वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी मला नानांवर स्मृतिलेख लिहा असं सांगितलं गेलं. हा तो कागद आहे. पेठ नाक्यावरच्या मिस्त्रीनं कुणाच्याही टाकीतून थेंबभर पेट्रोल कधी चोरलं नाही. 'टाकीतला चोर' हे माझं पत्रक खोटं होतं. पेट्रोल वाचवायचं सगळं शिकवणं नानांचं होतं.

पण पुरवणी रद्दीत जाते आणि भिंतीवरचं पत्रक वर्षानुवर्षं राहतं, हे पत्रकं चिकटवणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावच्या स्टँडवर, हॉटेलात, सायकलच्या दुकानात ते पत्रक अजून कुठे दिसलं तर फाडू नका. खाली जागा असेल तिथे शाईनं, नाहीतर खडूनं, ठळक अक्षरात लिहा : "हे खोटं आहे. मी आत जाऊन पाहिलं." आणि हे लिहिण्याआधी खरोखरच नाक्यावर थांबा, आक्काला सांगा, आत जा आणि खिळ्यावरची बाटली बघून या.