धुऱ्यावर आलेला टेप

डॉक्टरीण वत्सलाबाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, सत्कार ठेवला आहे, तर त्यांच्याविषयी काही लिहा, असा निरोप मोहाडीहून आला. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पण ज्यांनी माझं अंग इतक्या वेळा मोजलं, त्यांचंही माप कोणीतरी घ्यायला हवं, म्हणून लिहायला बसली.

पहिली ओळख आणीबाणीच्या आगेमागे झाली. नागपूरच्या दवाखान्यात कॅन्सरपायी माझ्या छातीची उजवी बाजू काढून टाकली होती. पुढची तपासणी मोहाडीला, वत्सलाबाईंकडे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, कंबर मोजली, दोन्ही दंड मोजले. मी म्हटलं, "बाई, एवढं माप घेता त झंपर तरी शिवून द्या. एका अंगाला कापडही कमी लागन." दुसरी कोणी असती तर रागावली असती. बाई हसल्या, टेप गळ्यात टाकला आणि विचारलं, "अनुसयाबाई, बरं वाटतं का?"

हे त्या दर खेपेला विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत. डॉक्टर लोकांत हे मी दुसरीकडे पाहिलं नाही.

एकदा वजन वाढलेलं निघालं. घरी सारे खूश. माझी जाऊ कौतिका म्हणे, तब्येत भरली. बाईंना मात्र कोडं पडलं. "वजन वाढलं, आणि तुम्हाला तर बरं वाटत नाही. असं का?"

"काहून म्हणजे? घरी बसून खाऊन राहिली. म्हैसही तलावावर जाते, मी तेवढंही नाही."

खरी गोष्ट अशी की नागपूरहून आल्यापासून मी बायकांत गेली नव्हती. रोवणी तोंडावर आली होती. ओळीत वाकून धान लावताना पदर खोचावा लागतो, झंपर एका बाजूनं लोंबतो, आणि बायकांचे डोळे काही आंधळे नसतात. त्यात बाईंनी सांगितलं, उजवा दंड डाव्याहून जाड भरतो, सूज असेल, चिखलाचं काम नको. मी म्हटलं, "यंदा गेली नाही त पुढंही जाणार नाही. मंग वाचवलं कायले मले?"

बाईंनी टेप गुंडाळला. मग म्हणाल्या, "जा. पण मी तिथे येऊन मोजणार."

आणि खरंच आल्या. चपला हातात, टेप गळ्यात, घसरत घसरत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून. त्या दिवसांत शेतात सरकारी माणूस दिसला की नसबंदीचीच भीती. "पळा वो, ऑपरेशनवाली आली," म्हणत कौतिकानं रोपांची जुडी टाकली.

"मी फक्त दंड मोजते," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचे."

सगळ्यांचे का, ते मला तिथंच समजलं. एकटीला वर बोलावलं असतं तर मी ओळीतून पुन्हा वेगळी पडली असती.

एकेक बाई चिखलाचे हात पुढं करे. बाईंच्या कपाळावर आठी आली. कौतिकाचा दंड त्यांनी पुन्हा मोजला, मग माझा. "सगळ्यांचाच उजवा जाड आहे," त्या म्हणाल्या. डावखुरी गिरजा तेवढी उलटी निघाली. तिला पाहून तर बाई खुदकन हसल्याच. स्वतःचा अंदाज चुकला म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर माझा उजवा दंड त्यांनी डाव्याशी नाही, त्याच्याच मागच्या मापाशी ताडून पाहिला. रोवणी चालली तोवर येत राहिल्या. एकदा खरंच फुगलेला निघाला, तेव्हा मला ओळीतून उठवलंही. मी चार शब्द सुनावले. त्यांनी ऐकून घेतले, पण उठवलंच. सूज उतरल्यावर पुन्हा ओळीत जाऊ दिलं.

दिवाळीला त्यांनी झंपर आणला. आतून एका बाजूला कापसाची घडी शिवलेली. बरोबर बसला. तो घालून मी आंधळगावच्या बाजारात गेली, पदर न आवळता. कौतिका अजून विचारते, "मापं त आमचीही नेली, आमचे झंपर कुठी?"

सत्काराला मी येणार आहे. शाल देणारे पुष्कळ असतील. मी टेप आणीन. बाईंचे दोन्ही दंड मोजीन, विचारीन, "बरं वाटते काय, बाई?" आणि उत्तर ऐकायला थांबीन. हे माप द्यायला त्यांनी दर रोवणीला यावं, मी नसली तर कौतिका मोजील, पण यावं आपल्या पायांनी, धुऱ्यावरून चालत.