बोगद्यात होडी कोणी ढकलली?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. लंडनमधल्या हॅरोमध्ये राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवल्याशिवाय मला पटत नाही. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या मे महिन्यात पुण्याहून आई-बाबा आले होते. ग्रँड युनियन कॅनॉलवर आम्ही नॅरोबोट भाड्याने घेतली — लांबलचक, अरुंद होडी, वेग माणसाच्या चालीइतका. बाबा रिटायर्ड इंजिनिअर, पण दम्यामुळे सुकाणू माझ्याकडे. आईने पहिल्याच सकाळी मागच्या रेलिंगवर साडी वाळत घातली.

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. ऊन किती छान आहे."

ब्लिसवर्थचा बोगदा जवळजवळ तीन किलोमीटर लांब. मधोमध पोचलो आणि इंजिन घरघरून बंद पडलं. मागे बघते तर रेलिंग रिकामं... साडी पाण्यात पडून प्रोपेलरला गुंडाळली गेली होती! फोनला सिग्नल नाही, डिझेलचा धूर कोंडलेला, आणि बाबांना धाप लागली. इनहेलर घेऊनही आराम पडेना. मी खरंच घाबरले.

तेवढ्यात होडी पुढे सरकू लागली. दोन्ही भिंतींवरून आवाज येत होता — टक्... टक्... नाल ठोकलेल्या बुटांसारखा. पण तिथे चालायला वाटच नाही, भिंत थेट पाण्यात उतरते. टॉर्च मारला, तर नुसत्या ओल्या विटा.

"कोण आहे गं?" आई कुजबुजली.

"कुणी नाही."

"मग ढकलतंय कोण?"

उजेडात आल्यावर आवाज थांबला. बाबांचा श्वासही हळूहळू मोकळा झाला. साडी इतकी आवळून बसली होती की सुरीने कापून काढावी लागली. काठावर माहितीचा फलक होता. पूर्वी घोडे होड्या ओढायचे. बोगदा आला की घोडा टेकडीवरून न्यायचे आणि दोन माणसं होडीत फळ्यांवर आडवी होऊन, भिंतींना पाय रेटत ती पलीकडे न्यायची.

"बाबा, पाण्याला ओढ असेल ना?" मी विचारलं.

बाबांनी बोगद्याकडे बोट दाखवलं. "डावीकडच्याला धाप लागली होती," ते म्हणाले. "माझी धाप मी ओळखतो गं. ती माझी नव्हती."

नंतर मी मैत्रिणीला घेऊन पुन्हा तिथे गेले. मधोमध इंजिन बंद केलं. होडी जागची हलली नाही. पहिल्यांदा ती कशाने सरकली, हे मला आजही कळलेलं नाही.

पण खरं सांगते, त्या दुसऱ्या खेपेला मी थर्मासमध्ये दोन कप चहा जास्तीचा नेला होता.