पिंजाऱ्याची तांत

जुन्या जालन्यात एक म्हातारा पिंजारी बसायचा. कापूस पिंजण्याआधी तो धनुष्यासारख्या पिंजणाची तांत कानाजवळ छेडून तिचा ताण बघायचा. गादीसाठी थांबलो असताना मी मोबाईलवर चेलो लावला. गेल्या शतकातल्या एका परदेशी संगीतकाराची रचना होती. चेलो एकटाच, साथीला पियानोही नाही.

पिंजाऱ्याचा हात थांबला. "साहेब, ही तांतच हाय ना?"

"तसंच समजा. मोठ्या व्हायोलिनची आहे."

तो मोबाईलवर वाकून ऐकत राहिला. काम खोळंबलं, म्हणून मी चेलो बंद केला.

"त्याचं बोलणं पुरं झालं न्हाई आजून," एवढंच म्हणून त्यानं पिंजण उचललं.

गादी मला वेळेत मिळाली. आता तिथं मशीन घरघरतं. ती रचना ऐकताना मी जिथं बंद केली होती ती जागा येते, आणि तो अजून वाकलेलाच दिसतो.