हिरव्या वांग्याची जोडी

बायको गेली आणि घरातली कात्री खुंटीला लागली. तिच्याशिवाय कुणी ती हातात घेत नव्हतं.

माझी सून सातपुड्याच्या पायथ्याला शाळेत शिकवते. तिथली पोरं घरी पावरी बोलतात. त्यांना मराठीच परकी, मग इंग्रजीचं काय विचारता? पुस्तक उघडलं की पोरं खाली बघतात, म्हणून सुनेनं खेळ सुरू केला. शहाद्याहून ती चित्रांचे कागद छापून आणायची. एकेका चित्राची दोन-दोन कार्डं, खाली इंग्रजी नाव. सगळी जमिनीवर उपडी मांडायची, पोरानं दोन उलटायची. सारखी निघाली तर नाव मोठ्यानं म्हणायचं आणि जोडी आपल्याकडे ठेवायची.

कापायचं काम बायकोचं. दुपारी ओट्यावर बसून ती कागद कापायची, मैद्याची खळ लावून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची, मग रंग भरायची. अक्षर तिला एक येत नव्हतं, पण कात्री सुतात चालायची. वांग्याला तिनं हिरवा रंग दिला. सून हसली.

"आई, वांगं जांभळं असतं."

"तुन्हा मायना घर व्हई जांभळं. आपलं भरीतनं वांगं हिरवंच ऱ्हास."

सुनेच्या फोनवरही तसलाच खेळ होता. चित्राला बोटानं रंग लावायचा, बरोबर आला की टाळ्या वाजतात, चुकला की भोंगा. बायकोनं वांग्याला हिरवा लावला. भोंगा वाजला. तिनं परत लावला, परत भोंगा.

"ह्या फोननी कधी भरीत खादं नही वाटस," म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात देऊन टाकला. सुनेनं हिरवं वांगं तसंच शाळेत नेलं.

पुढे बायको आजारी पडली, आणि गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून ती परत येणार नाही. लोक बसायला आले, "धीर धरा" म्हणून गेले. धीर कुठं धरायचा असतो ते कुणी सांगितलं नाही.

एका रविवारी सून ओट्यावर कार्डं निवडत बसली होती. फाटकी वेगळी, धड वेगळी. हिरव्या वांग्याचं एक कार्ड तिनं फाटक्यांच्या ढिगात टाकलं. मी उचलून पाहिलं. एक कोपराही दुमडलेला नव्हता.

"हे तर चांगलं आहे," मी म्हणालो.

"त्याची जोडी बकरीनं खाल्ली, बाबा. भिजलं म्हणून शाळेच्या ओट्यावर वाळत ठेवलं होतं. खळीचा वास लागला तिला."

बायको असती तर पोट धरून हसली असती. मला हसू आलं नाही.

"मग हे एक राहू दे."

"एकटं कार्ड खेळात चालत नाही, बाबा. पोरं शोधत बसतात आणि दुसरं सापडतच नाही." सून हे साधंच बोलली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती खाली मान घालून उगाच कार्डं सारखी करू लागली.

मी म्हणालो, "फेकू नको. नवं छापी लई ये. मी कापस."

"बाबा, तुम्ही?"

"का? माले हात नहीत का?"

तिनं कागद आणला. मी कात्री खुंटीवरून काढली. कापूस वेचला, केळीचे घड उतरवले, पण कागद कापणं माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. चौकोनाचा डोंगर झाला. बायकोच्या डब्यात हिरवी पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरली होती. पोपट, मिरच्या, केळीची पानं, सगळ्यांत तीच झिजलेली. बायको पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची. मीही लावलं. रंग वांग्याच्या बाहेर गेला. तरी हिरवाच भरला.

सोमवारी सून दोन्ही कार्डं घेऊन शाळेत गेली. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. पोरं म्हणतील हे सारखं नाही, आणि बायकोचं कार्ड पुन्हा ढिगात जाईल, हेच डोक्यात. गाडीचा आवाज आला तसा मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

"चाललं का?"

"चाललं. एका पोरीनं जोडी लावली. म्हणाली, एक वांगं बाजारातलं आहे, एक कीड लागलेलं, पण वांगंच आहे. इंग्रजी नाव केवढ्यानं ओरडली!"

मी फाटक उघडलं.

"फक्त एक गोष्ट आहे, बाबा," सून हसत म्हणाली. "तुमचं कार्ड वाकडं कापलंय ना, ते उपडं असलं तरी ओळखू येतं. पोरं आधी तेच उचलतात."

"मग खेळ बिघडला. दुसरं सरळ कापून देतो."

"नको. बिघडत नाही. आईंचं कुठं आहे ते कुणालाच कळत नाही. ते शोधावंच लागतं."

बायकोचं सरळ कापलेलं. पाठीवरून बाकीच्यांसारखंच दिसतं.

मी कात्री परत खुंटीला लावली नाही. ओट्यावर, तिच्या बसायच्या जागी ठेवली. सुनेला सांगितलं, पुढचे कागद आण.