मेथीचा घट

देवळं उघडणार असं ज्या दिवशी टीव्हीवर सांगितलं, त्या दिवशी आमच्या गावात फटाके वाजले. मी उठलो आणि दाराला आतून कडी घातली. भर दुपार, बाहेर माणसं एकमेकांना पेढे भरवत होती, आणि मी कडीवर हात ठेवून तसाच उभा. घटस्थापनेपासून सगळी देवळं खुली, असं टीव्हीवरचा माणूस हसून सांगत होता. जाता जाता शेवटी एक वाक्य बोलला, वयस्कर आणि आजारी माणसांनी काळजी घ्यावी. बास. सगळ्या जगाला दार उघडलं आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला शेपटाला एक वाक्य.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही आणि गोड बोलायची तर त्याहून नाही. उभा जन्म सांगलीजवळच्या गुऱ्हाळांवर चुलवाणात जाळ घालण्यात गेला. उसाची चिपाडं आत ढकलायची आणि धूर गिळायचा. गूळ पेठेत जायचा, धूर माझ्यापाशी राहायचा. छातीचा फोटो काढून डॉक्टर म्हणाले, "बाबा, फुफ्फुसं पार पोळलीत. लस घेतलीत ते चांगलं केलंत, पण हा आजार तुमच्या छातीला झेपायचा नाही. गर्दीपासून लांब राहा." त्या माणसानं खरं सांगितलं म्हणून मला तो आवडला. मीही जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. त्याचा अर्थ लावायची माझी ऐपत नाही.

हौसा, माझी बायको, आदल्या वर्षी गेली. गणपती उठले आणि तिला ताप आला, मग दम लागायला लागला. सांगलीत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरलो. शेवटी एका ठिकाणी खाट मिळाली. रिक्षातून ती स्वतःच्या पायांनी उतरली. दारात वळून मला म्हणाली, "म्हशीला पाणी दाखवा. आन तुमी लांब थांबा, तुमची छाती बरी न्हाई." तेच शेवटचं. त्यानंतर मी तिला पाहिली ती लांबून, पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेली, आणि ती तीच होती हेसुद्धा मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून धरून चाललो.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आमच्याकडं न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, हळदकुंकवानं मळवट भरतात. तिचा तो मान असतो. सांगली ही हळदीची पेठ. पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या लागतात, वाऱ्यावर हळद उडते. आणि त्या पेठेपासून हाकेच्या अंतरावर माझ्या बायकोच्या कपाळाला बोटभर हळद लागली नाही. ह्या गोष्टीनं मला जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही. ती गेली हे एक वेळ सोसलं. ती तशी गेली हे सोसत नाही.

त्या दिवसांत आमच्या भैरोबाच्या देवळाला कुलूप होतं. हौसा दवाखान्यात असताना मी त्या कुलपाला डोकं टेकवून आलो होतो. ती गेल्यावर मी देवाशी बोलणं टाकलं. आणि आता तेच दार वाजतगाजत उघडणार म्हणून गाव पेढे वाटत होतं. मला वाटलं, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं नाही ती माणसं इतक्या लवकर विसरतात होय?

आणखी एक खरं सांगतो, कुणाला राग आला तर येऊ द्या. लॉकडाऊन होता तोवर मला बरं वाटत होतं. तेव्हा सगळा गाव माझ्यासारखा होता. सगळ्यांच्या तोंडाला फडकं, सगळ्यांची दारं लावलेली. कुणी मला भित्रा म्हणत नव्हतं. लॉकडाऊन उठला आणि मी एकटाच आत राहिलो. मग मी वेडा ठरलो.

आमच्या समोरच्या घरात नाना राहतो. आम्ही लहानपणापासूनचे सोबती. माझी म्हैस मी त्यालाच देऊन टाकली होती. घट बसायच्या आदल्या दिवशी तो माझ्या खिडकीला येऊन थडकला.

"अण्णा, दार उघड की! करोना गेला गड्या!"

"तुला सांगून गेला व्हय?"

"दाढी बघ की रं आरशात. अस्वल परवडलं. न्हाव्याला बी भ्यालास?"

"न्हावी समद्या गावाच्या तोंडाला हात लावतोय."

"आन आमच्या तोंडाला काय विष लागलंय का काय?" नाना हसला, हसताना खोकला. "उद्या देऊळ उघडायचं हाय. पालखीम्होरं दिवटी धरायचा मान तुमच्या घराचा. आमी समदी वाजंत्री घिऊन तुला न्यायला येतो. चालत आलास तर चालत, न्हाईतर उचलून नेतो. बघू तर कसा येत न्हाईस!"

तो प्रेमानंच बोलत होता. तेच तर अवघड होतं. शत्रूला दार लावता येतं, सोबत्याला कसं लावायचं? माझं दार जुनं, कडी एका धक्क्यात निघेल अशी. दहावीस माणसं आत घुसली, गळ्यात पडली, खांद्यावर घेतलं, तर मी कुणाकुणाला ढकलणार? मुलगा फौजेत आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "अण्णा, कुणाला आत घेऊ नका." त्याला तिकडून सांगायला काय जातंय.

मग वर्षभरानं मी पहिल्यांदा भैरोबाशी बोललो. हात जोडले नाहीत, रागानंच बोललो. "तुझं दार तू उघडलंस. माझं तेवढं बंद राहू दे. तेव्हा काही झालं नाही तुझ्यानं, आता एवढं होतंय का बघ."

आता घरातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. भाजीला बाजारात जायचं बंद केल्यापासून मी खिडकीशी टोपलीत माती घालून मेथी लावायचो. रोज वाकून पाणी घालायला दम पुरत नाही. म्हणून टोपलीच्या मधोमध एक कमी भाजलेलं, पाझरणारं मडकं पाणी भरून ठेवायचो. त्याच्या झिरपण्यावर मेथी यायची. नवं बी आदल्या दिवशीच पेरलेलं होतं. शेजारी हौसाचा फोटो आणि फोटोपुढं दिवा. मी खाली घोंगडीवर बसलेलो, अनवाणी, दाढी वाढलेली, तोंडाला हौसाच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली. हे सगळं मी भीतीनं केलेलं होतं. त्यात देवाचा काही संबंध नव्हता.

घटस्थापनेच्या सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा खिडकीशी आवाज आला, "आईचा जोगवा वाढा." एक म्हातारी बाई होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. कपाळभर मळवट. बोलण्यात कानडी हेल, पलीकडच्या मुलखातली असावी. पीठ द्यायला उठावं म्हणून मी जमिनीला हात टेकला, तोवर तिनं खिडकीतून आत पाहिलं. माती पाहिली, मडकं पाहिलं, दिवा पाहिला, माझी दाढी पाहिली, तोंडाचं फडकं पाहिलं. आणि ती चटका बसल्यासारखी मागं सरली.

"आवं बाबा, घटी बसलायसा व्हय? चुकलं माजं. शिवले न्हाई हां मी."

आमच्याकडं काही माणसं नवरात्रात घटी बसतात. नऊ दिवस घर सोडत नाहीत, दाढी करत नाहीत, जमिनीवर झोपतात. अशा माणसाला कुणी शिवत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, बाई, हा घट नव्हे, मेथी आहे मेथी. पण उठताना दम भरला होता, शब्दच बाहेर पडेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजायला लागली. नाना सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर फेटा, मागं सगळी मंडळी. कुणाच्या तोंडाला चिंधीसुद्धा नाही. "अण्णा, निघा बाहेर!" असा ओरडा झाला.

ती बाई माझ्या दारासमोर आडवी उभी राहिली. एवढीशी बाई, पण आवाज असा काढला की हलगी थांबली.

"कुटं शिरताय रं? माणूस घटी बसलाय. डोळं फुटलं व्हय तुमचं?"

"कोण, आमचा अण्णा?" नाना म्हणाला.

"त्याला वढून काडनार व्हय? मागं सरा! लांब थांबा. त्याची छाती बरी न्हाई."

मी आतून ऐकत होतो. मी भिंतीला टेकलो. लांब थांबा, छाती बरी न्हाई. हे शब्द मी दवाखान्याच्या दारात ऐकले होते. या बाईला माझ्या छातीचं कुणी सांगितलं? मला धापा टाकताना पाहून बोलली असेल. तसंच असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पण त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो मी कुणाला दाखवू?

नानानं फेटा सावरला, पायातल्या चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. त्याच्यामागं सगळ्यांनी जोडले. मंडळी मागच्या पावली वळली. बाई खाली वाकली, कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या उंबऱ्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली. मी पिठाची वाटी घेऊन कसाबसा दाराशी पोचलो तोवर ती गेली होती.

दुपारी बापू गुरव आला. तो भैरोबाचा पुजारी, मला थोरल्या भावासारखा मानतो. अंगणातच थांबला. मी खिडकीतून त्याला खरं काय ते सांगून टाकलं.

"बापू, ही मेथी हाय. भाजीची. मी कुठला घटी बसतोय? मी भ्यालोय."

बापू आधी हसला. मग म्हणाला, "अण्णा, माती हाय, बी हाय, पाणी हाय, दिवा हाय. घटात आणखी काय असतंय? आन भ्यालेला माणूस देवापाशी बसतो न्हाई तर कुठं बसतो? आता बसलायस तर नीट बस."

आणि मी बसलो. खरोखरीचा बसलो. हौसाच्या फोटोशेजारी देव मांडले, रोज एक माळ सोडली. गल्लीतल्या बाया दिव्यासाठी तेल आणायच्या. आत कुणी यायचं नाही. वाटी उंबऱ्याशी ठेवायच्या, आणि घटाला लावायचं हळदकुंकू उंबऱ्यालाच लावून जायच्या. कुणी मला वेडा म्हटलं नाही. कालपर्यंत मी लांब राहिलो तर त्यांना अपमान वाटत होता. आता माझ्यापासून लांब राहण्यात त्यांना पुण्य वाटत होतं. मी तोच, फडकं तेच.

मग एके सकाळी नानाचा फोन आला. समोरच्या घरातून फोन! आवाज फाटलेला.

"अण्णा, मला निघालाय रं. करोना. घट बसायच्या आदल्या दिवसापास्नं कणकण हुती, मी म्हनलं हवा बदललीय." थोडा वेळ नुसता खोकत राहिला. "त्या दिवशी मी तुला खांद्यावर घेनार हुतो."

दोघंही फोन कानाला लावून नुसते श्वास घेत होतो. माझा कसा चालतो ते तो ऐकत होता, त्याचा कसा चालतो ते मी ऐकत होतो. त्या दिवशी मी भैरोबापुढं आधी नानासाठी डोकं टेकवलं. त्याच्यावर राग धरायला मनात जागाच उरली नव्हती.

नाना वाचला. घरातच बरा झाला, दवाखाना पाहावा लागला नाही. दसऱ्याला घट उठले तेव्हा माझी मेथी चांगली चार-पाच बोटं झाली होती. घटातलं उगवलेलं धान त्या दिवशी गडीमाणसं टोपीत खोवतात. नाना त्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेला, अजून तोंडाला बांधलेलं. तिथनंच ओरडला, "अण्णा, घटातलं धान दे की! मेथी तर मेथी."

मी घरातून बाहेर पडलो. अनवाणी गल्ली ओलांडली, मेथीची जुडी त्याच्या उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणालो, "मी मागं सरल्याबिगर उठू नको."

"व्हय रं बाबा. तू घटी, मी खाटी," नाना म्हणाला. मी मागं सरलो. त्यानं वाकून जुडी उचलली, टोपीत खोवली. टोपीतून मेथी लोंबत असलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. हसलो. हौसा गेल्यावर पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता रडलो.

त्या जोगतिणीचा मी नंतर लय तपास केला. जोगवा मागायला येणाऱ्या दुसऱ्या बायांना विचारलं, कानडी मुलखातून येणाऱ्या हळदवाल्यांना विचारलं. कुणाला ठाऊक नाही. असेल कुठली तरी, वाट फुटेल तिकडं गेली असेल. मला तिला एवढंच सांगायचं होतं की बाई, तो घट नव्हता, आणि तुझ्यामुळं झाला.

मी देवाकडं दार बंद ठेवायचं मागितलं होतं. तेही रागानं, हात न जोडता. त्यानं माझं सगळं गाव दारात आणून उभं केलं आणि सगळ्यांना लांबही ठेवलं. यातलं मला काहीच सुचलं नसतं. आता मी त्याला काय कर ते सांगत नाही. गर्दीत अजूनही जात नाही, तोंडाचं फडकं अजूनही सुटलेलं नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. दिवसा दाराची कडी मात्र काढून ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घर सारवायला घेतलं. उंबऱ्यापाशी आलो आणि हात थांबला. नऊ दिवस गावच्या सवाष्णींनी लावलेली हळद लाकडात मुरली होती, उंबरा पिवळाधमक झाला होता. घटाला लावायची म्हणून आणलेली, पण आत यायचं नाही म्हणून दारातच लागलेली. मी सारवणाचं फडकं बाजूला ठेवलं. खाली बसून त्या हळदीवरून नुसता हात फिरवला, जसा कपाळावरून फिरवतात तसा. बोटं पिवळी झाली. हौसाला म्हणालो, "लागली बघ."