वेशीवरची तबकडी

बशीर पिंजारी निजामाच्या शाळेत चार बुकं शिकला, तीही उर्दूत. त्यामुळं उरुसाचं मराठी हँडबिल बार्शीहून छापून आलं की तो ते माझ्याकडं घेऊन यायचा. मी वाचनालयाच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचायचो. तो समोर उभा राहून दाढीतला कापूस वेचत ऐकायचा, आणि माझं वाचून व्हायच्या आत त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं.

१९६३ सालचं हँडबिल पिवळं होतं. वर कमिटीच्या अध्यक्षाचं नाव, शिवलिंगप्पा सावकार, कापडवाले. त्याखाली अकरा पाहुण्यांची नावं. मग कुठं कार्यक्रम.

"दुपारी चार, संदल मिरवणूक," मी वाचलं. "पाच, मान्यवरांचं स्वागत आणि भाषणं. साडेसहा, ब्रास बँड, नव्या चित्रपटांच्या चाली. साडेसात, बलभीम यांचा लाउडस्पीकर, ताज्या रेकॉर्डी. त्यानंतर जादूचे प्रयोग आणि शोभेची दारू."

"गाणारा कोण हाय?"

"कुणी नाही."

"वाजवणारा?"

"बँड."

"त्येला वाजवणं म्हणत्यात व्हय?" बशीर बाजूला थुंकला. "गेल्या साली त्यो क्लॅरिनेटवाला बघितला न्हवं, पुढारी? सुराच्या अंगणात उभा राहून हाका मारत हुता. दार सताड उघडं, पर गडी आत काय गेला न्हाय."

मला तो पुढारी म्हणायचा. त्यात किती मान आणि किती टोमणा, हे मी कधी विचारलं नाही.

आमचं गाव भूमपासून अडीच कोसांवर. नाव लिहीत नाही, लिहिलं तर कमिटी माझ्या दारात येईल आणि मला त्यांची तोंडं बघायची हौस नाही. गावच्या पीरसाहेबांचा उरूस हिजरी चांदाच्या हिशेबानं नसतो, वैशाखात असतो, रानं मोकळी झाली की. लिंगायत, मराठे, मुसलमान सगळे त्यात असतात. अशा ह्या उरुसाला जुन्या काळी परांड्याकडचे कव्वाल यायचे, नळदुर्गाकडचे भजनी यायचे, आणि बशीर दिवसभर गाद्या पिंजून संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायचा. जेवला नाही तरी चालेल, पण रांग सोडायची नाही. आसपासच्या वीस गावांचे उरूस आणि जत्रा त्यानं पायी केल्या होत्या, देवासाठी कमी आणि कानासाठी जास्त. चांगलं वाजलं तर तो काही बोलायचा नाही, डोळे मिटायचा. वाईट वाजलं तर वाजवणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. म्हणून कलावंत त्याला टरकायचे, आणि त्याला ऐकवायला धडपडायचेही.

पण त्याचा जीव होता तो वेशीवरच्या सनईत.

संदल म्हणजे उगाळलेल्या चंदनाचं ताट. ते डोक्यावर घेऊन मानकरी गावातून निघतो आणि वेशीत येऊन थांबतो. तिथं सनई सुरू होते. गावची रीत अशी की सनई वाजतेय तोवर ताट हलायचं नाही. सनईवाला आपणहून थांबला की मगच पुढं. तामलवाडीचा गुंडाप्पा हे काम करायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. गुंडाप्पा ताटाकडं बघून वाजवायचा. मानकऱ्याची मान अवघडली, हात थरथरायला लागले, की तो सूर खाली आणायचा, त्याला जरा उसंत द्यायचा आणि मग पुन्हा वर चढायचा. अर्धा अर्धा तास अख्खं गाव उन्हात उभं असायचं आणि कुणाला तहान लागायची नाही.

या कामाबद्दल गुंडाप्पाच्या घराला इनामाचा एक तुकडा होता. निजाम गेला, पुढं इनामं गेली. इनामं जावीत म्हणून ओरडणाऱ्यांत मी होतो आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण इनाम गेलं म्हणजे माणसाला बोलवायचंही नाही, हे कुणाच्या कायद्यात लिहिलं होतं? आधी तो हक्कानं यायचा, आता सुपारी देऊन बोलवायला हवा होता, आणि तेवढं कमिटीच्या पायांनी झालं नाही. १९५९ पासून चार उरूस वेशीवर नुसता ताशा बडवला.

१९६३ चं ते हँडबिल आल्यावर भूमच्या बाजारात बशीरला तामलवाडीकडचा एक माणूस भेटला आणि म्हणाला, म्हाताऱ्याचे पुढचे दात हलायला लागलेत. दात गेले की ओठाला टेकू राहत नाही, सनईत जायची हवा कडेनं निसटते. हे बशीरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो तसाच शिवलिंगप्पाच्या दुकानात गेला, मागोमाग मी.

"सावकार, हँडबिलात सनई न्हाय."

"बसा बशीरभाई. सनई आता कोण ऐकतंय? पोरं रेकॉर्डी मागत्यात."

"चार वर्सं पोरांच्या कानात दुसरं काय घातलंय तुमी?"

"मग तुमीच आणा की सनई. दरसाल नावं ठेवायला तेवढे पुढं."

"आणतो. कमिटीची सुपारी द्या."

शिवलिंगप्पानं पानाच्या डब्यातली एक सुपारी उचलून त्याच्या हातावर ठेवली आणि गिऱ्हाइकाकडं बघून हसला. त्याला ती चेष्टा वाटली. बशीरनं ती फडक्यात बांधली. आमच्याकडं सुपारी घेणारा बांधला जातो तसा देणाराही बांधला जातो. बोलावलेल्याला वाजवायला जागा द्यावीच लागते. हे बशीर धरून चालला, आणि तीच त्याची चूक.

घरी सकिनाबीनं त्याला भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, "माज्या भावाच्या लग्नाला निघताना तुमचे गुडघे दुखत हुते. आता तीन यष्ट्या बदलून उन्हातान्हात जाताना बरे हायत व्हय?"

"त्या लग्नात बँड हुता," बशीर म्हणाला.

भूमहून धाराशिव, धाराशिवहून तुळजापूर, तिथून तामलवाडी. गुंडाप्पा छपरात बसून शेंगा फोडत होता. बायको नागम्मा आतूनच म्हणाली की ह्यांनी वाजवायचं सोडलंय, सनई पेटीत हाय, तुम्ही पाणी प्या आन जावा. गुंडाप्पानं तोंड उघडून दाखवलं. दोन गेले होते, दोन जायच्या वाटेवर.

"बशीरमियाँ, दुसऱ्या कुणापुढं वाजवंन. तुझ्या कानाचं भ्या वाटतं."

"चार उरूस कान उपाशी हायत, अप्पा. उपाशी माणूस खोड काढत न्हाय."

हे खोटं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी गुंडाप्पानं सुपारी घेतली.

उरुसाच्या दिवशी तो आणि सूर धरायला त्याचा भाऊ बंडप्पा सकाळीच आले आणि वेशीजवळच्या लिंबाखाली बसले. कमिटीचं कुणी पाणीसुद्धा विचारायला आलं नाही. पाणी बशीरनं आणलं, भाकरी सकिनाबीनं पाठवली. चार वाजले, पाच वाजले. पाहुण्यांची जीप आली नव्हती म्हणून संदल निघेना. पीरसाहेब थांबले तर चालतील, पाहुण्यांचं स्वागत चुकता कामा नये. साडेपाचला जीप आली आणि मग सगळ्यांना अचानक घाई सुटली.

ताट वेशीत आलं. रिवाजाप्रमाणं मानकरी थांबला, मागं गाव थांबलं. लोकांनी टोप्या सावरल्या. गुंडाप्पानं सनईची पत्ती ओठात धरून भिजवली. बंडप्पानं सूर लावायला गाल फुगवले. बशीर त्यांच्या समोर उभा होता आणि त्यानं डोळे मिटले होते.

सनई वाजली. वरून.

वेशीच्या बुरुजावर बलभीमनं लाउडस्पीकरचा कर्णा बांधला होता. शिवलिंगप्पानं हात केला आणि बलभीमनं सनईची तबकडी लावली. कुण्या मोठ्या वादकाची होती. आणि गावानं काय केलं? गाव माना खाली घालून उभं राहिलं. बायकांनी पदर सावरले, म्हाताऱ्यांनी हात जोडले. पत्र्याच्या कर्ण्याला. मी आयुष्यात पुष्कळ किळसवाण्या गोष्टी पाहिल्यात, रझाकारांच्या दिवसांतही पाहिल्यात, पण शहाणीसुरती माणसं भोंग्यापुढं भक्तिभावानं झुकली, ह्याची सर त्यांतल्या एकीलाही नाही. गुंडाप्पा पत्ती ओठात धरूनच वर बघत राहिला.

तीन मिनिटांत तबकडी संपली. सुई खरखरली.

"झाली सनई. चला," शिवलिंगप्पा म्हणाला, आणि ताट हललं.

बशीर वाटेत आडवा आला. "थांबा. सनईवाला हितं खाली हाय."

"आता वाजली की, बशीरभाई."

"कुणी वाजवली?"

"कुणी का वाजवंना. कशी साखरेवाणी होती. पाहुणे खोळंबलेत, वाट सोडा."

"वाजवणारा मोठा हाय, माझी त्येच्याबद्दल तक्रार न्हाय. पर त्येला ताट दिसतंय का? मानकऱ्याचे हात थरथरत्यात, दिसतंय का त्येला?"

मानकऱ्याचे हात काही थरथरत नव्हते. तीन मिनिटांत कुणाचे थरथरतात? त्यालाही बरंच वाटलं असावं. मिरवणूक बशीरच्या दोन्ही अंगांनी वाहून गेली, ओढ्याचं पाणी धोंड्याला वळसा घालून जातं तशी. मी दोन शिव्या घातल्या, त्या इथं छापता येत नाहीत. लोक हसले.

वेशीत आम्ही चौघं उरलो. आतून लाउडस्पीकरवर स्वागताचं भाषण सुरू झालं.

"अप्पा, वाजवा," बशीर म्हणाला.

"कुणासाठी?"

"सुपारी घेतलीया तुमी."

गुंडाप्पानं बंडप्पाकडं बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडं, आणि सनई तोंडाला लावली. मला गाण्यातलं फार कळत नाही. मला ते म्हाताऱ्या माणसानं जुनी वाट चाचपडत चढावी तसं वाटलं, मधेच पाय घसरावा आणि त्यानं सावरावं तसं. एक दोन जागा अशा आल्या की माझ्या अंगावर काटा आला. एक बैलगाडी आली, गाडीवान थांबला, थोडं ऐकलं आणि बैल हाकून निघून गेला. मी बशीरकडं बघत होतो. तो डोळे मिटेल म्हणून वाट बघत होतो. त्यानं मिटले नाहीत.

गुंडाप्पा थांबला. ओठाच्या कडेची लाळ पुसत म्हणाला, "कसं झालं? खरं सांग."

मी मनात म्हणालो, बशीर, आज तरी खोटं बोल.

"हवा गळतीया, अप्पा," बशीर म्हणाला. "वरचा सूर हाताला लागतोय आन सुटतोय. चार वर्सांमागं यायला पायजे हुतं."

"चार वर्सांमागं बलवायला कुणी आलंच न्हाय," गुंडाप्पा म्हणाला. तो चिडला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यानं सनई पुसून फडक्यात गुंडाळली, आमच्याबरोबर चहा घेतला आणि शेवटच्या यष्टीनं दोघं भाऊ गेले. यष्टी हलल्यावर बशीर वेशीच्या भिंतीला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभा होता. मी जवळ गेलो नाही.

पुढं माघात गुंडाप्पा वारला. बशीर मातीला जाऊन आला.

आणि १९६४ चं हँडबिल आलं, तेव्हा त्यात सगळ्यात वर, पाहुण्यांच्याही वर, जाड ठशात नाव होतं: तामलवाडीचे सुप्रसिद्ध सनईवादक गुंडाप्पा. बशीरचं तोंड बंद करायला कमिटीनं घातलं होतं. आम्ही दोघं शिवलिंगप्पाकडं गेलो.

"सावकार, त्यो माणूस माघात मेला," बशीर म्हणाला.

शिवलिंगप्पा जरा चपापला, पण जराच. "आरारा. आमाला कुणी बोललंच न्हाय. आता हजार हँडबिलं वाटून झाली, बशीरभाई. ऱ्हाऊ द्या. तेवढंच त्येचं नाव."

वेशीवर पुन्हा तीच तबकडी लागली. पुन्हा माना खाली झाल्या, पुन्हा ताट हललं.

चार दिवसांनी भूमच्या बाजारात आमच्याच गावचा शिवशरण, ऊस लावणारा, बरा खाऊनपिऊन सुखी माणूस, बशीरचा हात धरून म्हणाला, "बशीरभाई, तुमी उगं भांडत नव्हता. यंदा गुंडाप्पानं वाजवलं बरं का. लई झकास वाजवलं."

"ऐकलं तुमी?"

"म्हंजे? ताटाच्या मागंच हुबा हुतो मी. डोळ्यानं बघितलं त्येला."

बशीरनं आपला हात सोडवून घेतला, धोतराला पुसला आणि चालू लागला.